घटाची माळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आयटीच्या पगारावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गाड्या वाढल्या, तेव्हा मागच्या मुरमाड उतारावरचा तरवड पार्किंगसाठी मीच उपटायला लावला. कुणी पाणी न घालता तो दरवर्षी पिवळाधमक फुलायचा.

नवरात्रात एक बाई ती फुलं खुडून, तिथंच मांडी घालून घटाच्या माळा ओवायची. कळ्यांना हात लावायची नाही. त्या वर्षी उघडी जमीन बघून ती आमच्या गॅलरीखाली ओरडली, "कुणी उपटलं वो?"

"महापालिकेनं," मी म्हणालो.

"त्यांच्या घरी घट बसत न्हाईत व्हय? आता देवीला काय, टायर वाहू?"

आत बायको या बाईच्याच माळेची वाट बघत होती. आजही माझ्या जिभेची चीड येते. त्या बाईला खरं सांगण्याचं देणं मी अजून लागतो.