पुष्पामावशींनी राखून ठेवलेलं वाक्य

पुष्पामावशी बोलायला लागल्या की समोरच्यानं आधी चहा सांगून ठेवावा, असं त्यांचे यजमान सुभाषचंद्रच म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. झाशीतल्या एका शाळेत हयातभर हिंदी शिकवून बाई निवृत्त झाल्या, पण तोंडाला निवृत्ती नव्हती. दर रविवारी सकाळी कंपनीच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या खोलीत त्या पोरांना एक मराठी कादंबरी शिकवायच्या. पोरं सहावी ते आठवीतली. कुणाचे वडील कारखान्यात इंजिनियर, कुणाचे जवळच्या बबीना छावणीत फौजेत. घरी आईनं मराठीत विचारायचं आणि पोरानं हिंदीत उत्तर द्यायचं, असा सगळा मामला. मराठी कळायची सगळ्यांना, बोलायची म्हटलं की दातखीळ. त्यातून कुणी धीर करून तोंड उघडलंच, तर मावशी त्याचं वाक्य तिथल्या तिथे सुधारायच्या, मग त्याला काय म्हणायचं होतं तेही त्याच सांगायच्या आणि शेवटी भावार्थ फळ्यावर लिहून मोकळ्या व्हायच्या. पोरं बिचारी उतरवून घ्यायची. 'आंटी' म्हटलेलं मात्र खपायचं नाही. "मावशी म्हणा रे. आंट्या बाजारात पैशाला पासरी मिळतात," असं वर ऐकवायच्या.

अशा बाईचा घसा धरला आणि काही केल्या सुटेना. इलाइट चौराह्याजवळच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं, स्वरतंतूवरची गाठ काढली आणि बजावलं, "महिनाभर एक शब्दसुद्धा नाही. कुजबुजणंही नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल. आणि न बोलताही तो परत येईलच, असं मी आज सांगू शकत नाही, माताजी."

सुभाषचंद्रांनी दोन दिवस मजा करून घेतली. पेपर पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनाच घर खायला उठलं. मावशी स्वयंपाकघरात तोंड मिटून भाजी निवडत बसायच्या आणि मनात एकच किडा वळवळायचा. आवाजच गेला तर आपण कोण? निवृत्त झाल्यावर लोकांनी शाल दिली, नारळ दिला, तरी बाई मास्तरीणच राहिल्या होत्या, त्या या गळ्याच्या जोरावर. मुकी मास्तरीण कुणी कधी पाहिलीय?

वर्ग बंद ठेवावा, तर मंडळाची मंडळी त्या खोलीत कॅरम मांडायला टपलेलीच. एकदा का कॅरम आला की तो उठत नाही. म्हणून रविवारी मावशी गेल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'मी बोलणार नाही. तुम्ही बोला. ज्याला विचारायचं असेल त्यानं माझ्या खुर्चीत बसावं.' आणि स्वतः भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसल्या.

मग सातवीतला अमोघ, जात्याच आगाऊ, खुर्चीत जाऊन बसला, नाकावर नसलेला चष्मा मावशींसारखा वर सरकवला आणि म्हणाला, "हां तो कश्मिराजी, तुम्हाला काय वाटतं, बताइए." हशा पिकला. कश्मिराही कमी नव्हती. तिनं पदर सावरल्यासारखं करून उत्तर दिलं. अर्धं मराठी, पाव हिंदी, उरलेलं बुंदेली हेल काढून. मावशींचा जीव नुसता वरखाली होत होता. एकेका वाक्यात चार चार ठिकाणी लाल शाई मारावी असं ते बोलणं. पण बोलणार कशानं? घशाला डॉक्टरांचं कुलूप.

आणि मग दोनेक रविवारांत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पोरं बोलताना त्यांच्याकडे बघतच नव्हती. एकमेकांकडे बघत होती. भांडत होती, पानं उलटत होती, 'अरे पण वाच ना इथे' म्हणून एकमेकांच्या हातातल्या झेरॉक्स ओढत होती. एवढ्या वर्षांत मावशींच्या वर्गात पानं कधी अशी उलटी, मागे उलटली नव्हती. फक्त खिडकीजवळची उर्वी गप्प असायची. बबीनाहून यायची ती, फौजीची मुलगी. हाताची घडी घालून सगळं ऐकायची आणि वर्ग सुटला की निघून जायची.

महिना सरला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, रोज दोन-तीन वाक्यं बोलून बघा, जोर न लावता. आवाज कसा निघतो ते तेव्हाच कळेल. सुभाषचंद्र बायकोच्या तोंडाकडे आशेनं बघत बसले. मावशींनी त्यांच्यापुढे चकार शब्द काढला नाही. पहिलं वाक्य त्यांनी वर्गासाठी राखून ठेवलं होतं.

आता ते वाक्य कोणतं, तेही ऐका. कादंबरी कोकणातल्या एका खलाशाच्या पोराची, म्हादूची. त्यात एक प्रकरण आहे. बाप बोटीवर जायला निघतो. पहाट. बायको विहिरीवर गेलेली. बाप झोपलेल्या पोराशेजारी क्षणभर उभा राहतो, कंदील बारीक करतो आणि त्याला न उठवताच निघून जातो. या प्रकरणाचा भावार्थ मावशींना पाठ होता. 'दर्यानं बापाच्या काळजाचा दगड केला.' असलं झणझणीत वाक्य, की आवाज परत यायचा असेल तर त्यावरच स्वार होऊन यावा.

त्या रविवारी खुर्चीत पुन्हा अमोघच होता. "बाप दगड आहे," त्यानंच सुरुवात केली. "मुलाला बाय पण नाही म्हणाला."

मावशी सुखावल्या. घसा हलकेच साफ केला.

"रुक," कश्मिरा म्हणाली. तिनं पुढची पानं काढली होती. "इथे बघ. म्हादू दोस्ताला काय सांगतो? 'बाबांनी जाताना कंदील बारीक केला.' याला कसं कळलं?"

"आईनं सांगितलं असेल."

"आई तर विहिरीवर होती."

अमोघनं मागचं पान काढलं. पुढचं काढलं. पुन्हा मागचं. खोलीतली सगळी डोकी पानांत शिरली.

"मतलब," अमोघ हळूच म्हणाला, "तो जागा होता. झोपल्याचं नाटक करत होता."

हे पुस्तक मावशींनी किती वेळा वाचलं होतं याची गणतीच नव्हती. तो कंदील त्यांनी दोन्हीकडे वाचला होता, मोठ्यानं, स्वच्छ उच्चारात, आणि त्यांना तो दिसला नव्हता. या धड एक वाक्य सरळ न बोलता येणाऱ्या पोरांना दिसला होता. काय म्हणावं याला? जुन्या घरात जन्म काढावा आणि कुणा पोरानं एक दिवस भिंतीला टेकावं आणि तिथे कधी न पाहिलेलं दार उघडावं, तसं त्यांना झालं. समोर बसलेली ही आपलीच पोरं आहेत, असं वाटेना. हात जोडावेत असं वाटलं.

राखून ठेवलेलं वाक्य तर आता कुचकामी झालं होतं. पण त्याच्या जागी दुसरं काहीतरी घशाशी आलं होतं, आणि त्याचं उत्तर त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. त्यांनी बाकावर बसल्या बसल्या हात वर केला.

अमोघ गडबडला. "हां... बोला मावशी."

"मग बापाला," मावशी म्हणाल्या, "कळलं होतं का, पोरगा जागा आहे ते?"

आवाज घोगरा होता, फाटका, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. पण होता. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो आवाज परत आला होता आणि खोलीत कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. सगळी पोरं प्रश्नाचाच विचार करत होती. मावशीसुद्धा.

"किताबमध्ये नाही लिहिलंय," अमोघ शेवटी म्हणाला.

"कळलं होतं."

खिडकीजवळून आलं ते. उर्वी. हाताची घडी सुटली होती. अमोघ तिला जागा द्यायला खुर्चीतून उठू लागला, तिनं मान हलवून त्याला बसवलं.

"माझे पप्पा छुट्टी संपली की जातात ना, सुबह सुबह. मी डोळे बंद ठेवते. आई रडते, मग मी पण रडले तर त्यांना त्रास होणार. ते माझ्या पायाचा अंगठा दाबतात. झोपलेलं माणूस असेल ना, तर पाय ओढून घेणार. मी नाही ओढत."

वाक्य सुधारायचं मावशींच्या मनातही आलं नाही.

"पण त्यांना कळलं, हे तुला कसं कळलं?" कश्मिरानं विचारलं.

उर्वीनं आपल्या पायाकडे पाहिलं.

"मी पाय ओढत नाही ना," ती म्हणाली, "मग ते पण लवकर सोडत नाहीत."