नवव्या मजल्यावरची खानावळ

आमच्या वस्तीत पुनर्वसनाची योजना आली तेव्हा ती घरोघरी समजावून सांगणारा माणूस मीच होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांत मीही आहे.

आमची वस्ती पिंपरीतली, रेल्वे रुळांच्या अलीकडं. वडील एका कंपनीत फाउंड्रीला होते. कंपनी बंद पडली, पुढं वडीलही गेले. राहिली ती पत्र्याची दोन खोल्यांची जागा आणि आई. मी डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो. वस्तीत सरकारी कागद नीट वाचणारे आम्ही चार-पाच जणच, त्यामुळं बिल्डरचा माणूस पहिल्यांदा आला तो थेट आमच्या दारात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात नकाशाची गुंडाळी आणि दर वाक्याला 'दादा'.

मी त्याच्या बोलण्याला भुललो असं म्हणून सुटता येणार नाही. मला ती इमारत खरंच हवी होती. आई साठीला आली तरी पहाटे डबा घेऊन सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहायची. गुडघे धरून उभ्या असलेल्या आईला रोज बघायचं आणि कंपनीत जाऊन दुसऱ्यांच्या मालाची क्वालिटी तपासायची, याची मला लाज वाटायची. स्वतःचा संडास, आतून कडी लागणारा, एवढ्यासाठी मी कुठंही सही केली असती.

बैठक विहारासमोरच्या मोकळ्या जागेत झाली. नकाशा भिंतीला चिकटवला आणि मी माईकवर सगळं समजावून सांगितलं. लोक ऐकत होते. तेवढ्यात मागून आत्या उठली.

आत्या म्हणजे आमची कुणी नात्यातली नव्हे. ती सगळ्या वस्तीचीच आत्या. लातूरकडची. नवरा कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबायच्या खात्यात होता, तो गेल्यावर तिनं पुढच्या खोलीत खानावळ टाकली. दोन शेगड्या, एक लांब बाकडं. कंत्राटावर लागलेली पोरं, मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची, शिफ्ट सुटली की तिच्याकडं जेवायची. पहिल्या शिफ्टवाल्यांचे डबे ती पहाटे पाचला भरून दाराशी ठेवायची. आई आजारी होती तेव्हा महिनाभर आमच्याही घरी तिचंच जेवण आलं होतं.

"समदं बरोबर सांगायलास," आत्या म्हणाली, "पण माझ्या शेगडीचं काय? वर कुठं माळ्यावर मी पोरांला जेवू घालू?"

मी बिल्डरच्या माणसाकडं बघितलं. त्यानं नकाशात खाली रस्त्याच्या बाजूला काढलेल्या चौकोनांवर बोट ठेवलं. "हे गाळेच आहेत ना दादा."

"आत्या, खाली गाळे आहेत," मी माईकवरून म्हणालो. "त्यातला एक तुमचा."

"तू सांगतूस म्हणून," असं म्हणत ती पुढं आली आणि तिनं संमतीच्या कागदावर सही केली. अक्षर अन् अक्षर सुटं काढून, सावकाश. तिच्या मागं बायकांची रांग लागली. त्या रांगेकडं बघून मला काय अभिमान वाटला होता!

पुढच्या महिन्यात सर्व्हे झाला. नोंद घेणाऱ्याबरोबर गल्ली दाखवायला मी फिरत होतो. आत्याच्या दाराशी तो थांबला. आत शेगडी पेटलेली, बाकड्यावर तीन पोरं जेवत बसलेली.

"घर की दुकान?" त्यानं विचारलं.

आत्या भात वाढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. दुकान म्हटलं तर परवाना मागतील, तो तिच्याकडं नाही. मग अपात्र ठरवून घरही जाईल, असं माझ्या मनात आलं. क्षणभरही थांबलो नाही.

"घर," मी म्हणालो.

त्यानं 'निवासी' लिहिलं आणि पुढच्या दाराचा नंबर घातला.

दोन वर्षं म्हणून आम्हाला पत्र्याच्या संक्रमण शिबिरात नेलं, तिथं त्याहून कितीतरी जास्त राहिलो. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची. आत्यानं तिथंही शेगडी मांडली. पोरं तिथंही शोधत आली.

अखेर इमारत झाली. चिठ्ठ्या टाकून घरं दिली. आम्हाला चौथा मजला, आत्याला नववा. आईनं संडासाचं दार तीनदा उघडून लावून बघितलं, आणि मग रडली. ते सुख खोटं नव्हतं, आणि ते मी नाकारत नाही.

पण खालचे गाळे बंद होते. काही दिवसांनी त्यांना काचा लागल्या. मग एकात मोबाइलचं दुकान आलं, एकात औषधांचं, आणि कोपऱ्यावरच्या दोन गाळ्यांत मिळून कॉफीचं एक दुकान. मी बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तोच माणूस, तसाच शर्ट.

"दादा, गाळे विक्रीचे आहेत. तुमच्या आत्यांची नोंद निवासी आहे."

"तुम्ही बोट ठेवून सांगितलं होतंत."

"मी म्हटलं, हे गाळे आहेत. त्यांना देऊ असं मी कधी म्हणालो? ते तर तुम्हीच बोललात, दादा. माईकवर."

ते खरं होतं. एक शब्दही खोटा न बोलता त्यानं मला खोटारडा केलं होतं, माझ्याच माणसांसमोर. मी टेबलावर हात आपटला. त्यानं शिपायाला हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं.

सरकारी कार्यालयात पाच-सहा खेपा घातल्या. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी यादी उघडून दाखवली. "व्यवसाय चालू होता तर सर्व्हेच्या वेळी सांगायचं होतं ना? घरमालकिणीसमोरच विचारलं असणार." चाळीस माणसं रोज जिथं जेवत होती, जेवणारी पोरं ज्याच्या डोळ्यांसमोर बसली होती, त्यानं एक शब्द लिहिला आणि खानावळ कधी नव्हतीच असं झालं. आणि तो शब्द त्याला मी पुरवला होता.

आत्याला हे सांगायला नवव्या मजल्यावर गेलो. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "बरं. मग वरच करू."

आणि तिनं केलं. पोरं लिफ्टनं वर जायची, दारापुढं चपलांचा ढीग पडायचा. महिनाभरात लिफ्टमध्ये कागद लागला: बाहेरच्या व्यक्तींना लिफ्ट वापरण्यास सक्त मनाई. दोन लिफ्टपैकी एक तशीही बंदच असायची. पोरं बारा तासांची शिफ्ट करून नऊ मजले चढायला लागली. मग जिन्याच्या तोंडाशी वॉचमन बसवला आणि पोरांचं येणंच थांबलं.

हा कागद बिल्डरनं लावला नव्हता. आमच्याच सोसायटीच्या कमिटीनं लावला होता, आणि कमिटीत मीही होतो. ज्या बैठकीत ठरलं त्या दिवशी मी ओव्हरटाइमला होतो. हे कारण मी स्वतःला खूप दिवस दिलं.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. आमचा अध्यक्ष वस्तीतलाच, आमच्या मागच्या गल्लीतला. बायको बाळंतपणाला गेली की हा दोन्ही वेळ आत्याच्या बाकड्यावर असायचा.

"हे बघ भावा," तो म्हणाला, "आता ही सोसायटी आहे. कोण कुठली पोरं येतात, तेलकट वास, लिफ्टमध्ये गर्दी. आपल्या लेकीबाळी आहेत. शेजारच्या टॉवरवाले आधीच आपल्याला झोपडपट्टी म्हणतात."

"ती पोरं कुठली ते तुला माहीत नाही? त्यांच्याच मांडीला मांडी लावून जेवलायस तू."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं? तेव्हा भूक तुला होती, एवढंच ना?"

आत्या मागं भिंतीला टेकून उभी होती. ज्या बायका तिच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या होत्या, त्यांतल्या दोघी फरशीकडं बघत होत्या. मतदान झालं. कागद कायम राहिला. मी तिथंच कमिटीचा राजीनामा दिला, त्यानं आत्याला काडीचाही उपयोग झाला नाही.

तिला जागा दिली ती चाचांनी. चाचा म्हणजे आमच्या वस्तीच्या तोंडाशी ज्यांचं गाड्यांचं गॅरेज होतं ते. गॅरेज रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं आणि ते मोशीला निघून गेले. तिथं त्यांनी पत्र्याची शेड भाड्यानं घेतली होती. बातमी कानावर जाताच ते स्वतः आले. "बहनजी, अर्धी शेड रिकामी पडली आहे. माझ्या पोरांनापण जेवायला लागतंच."

आता आत्या पहाटे पहिली बस धरून मोशीला जाते आणि संध्याकाळी परत येते. कागदावर तिचं पुनर्वसन झालं आहे. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ती पुन्हा पत्र्याखाली उभी राहून स्वयंपाक करते, फक्त आता तिथं पोचायला तासभर लागतो. नवव्या मजल्यावरच्या पक्क्या घराला दिवसभर कुलूप असतं.

गेल्या वर्षी रुळांपलीकडच्या वस्तीत तशीच योजना निघाली. बिल्डरच्या माणसाचा फोन आला. "दादा, तुमच्यासारखा लाभार्थी दोन शब्द बोलला तर लोकांना विश्वास वाटतो." मी हो म्हणालो. त्याला वाटलं, मी सगळं विसरलो.

बैठकीत माईक हातात आल्यावर मी घराबद्दल सांगितलं, आईच्या संडासाबद्दलही सांगितलं. मग म्हणालो, "पण दारात शिलाई मशीन असेल, भाजीची पाटी असेल, इस्त्रीचं टेबल असेल, तर ते सर्व्हेत लिहून घ्या. लिहिलेलं वाचून बघा. जे तोंडी सांगतात ते कागदावर मागा. आमच्याकडं एका बाईची खानावळ माझ्या एका शब्दानं गेली." एवढ्यात माईक बंद झाला. मी ओरडून बोलत राहिलो. दोन माणसांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं. त्या दिवशी तिथं संमतीच्या सह्या झाल्या नाहीत. पुढं होतील किंवा होणार नाहीत, मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला, दोन शिंपिणी आणि एक पिठाच्या गिरणीवाला माझ्या घरी आले आणि आम्ही चौथ्या मजल्यावर बसून त्यांचे अर्ज लिहिले.

त्या रविवारी मोशीला जाऊन मी हे आत्याला सांगितलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती कणीक मळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "पण त्या माणसानं दाराशी इचारलं तवा मी तितंच हुते की रे. मला का इचारलं नाहीस?"

बिल्डरनं तिला विचारलं नाही, सरकारनं विचारलं नाही, सोसायटीनं विचारलं नाही, आणि तिच्या भल्याचं बघणाऱ्या मीही विचारलं नाही. चाचांनी बाहेरून हाक दिली, पोरं जेवायला आली होती. आत्या म्हणाली, "सरक जरा, बाकडं मोकळं कर," आणि मी उठलो.