बंद इंजिनातले ठोके

आवाज आला की त्याला कारण असतं, आणि ते कारण पान्यानं खोलून हातात धरता येतं... माझा सगळा धर्म एवढाच. उतारे, बाधा, अंगात येणं या गोष्टींची मी जन्मभर चेष्टा करत आलो. इथं लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानाही मनात म्हणतो, बोनेट उघडून नीट बघितलं का कुणी? तरीही आज मीच लिहायला बसलोय. कारण एक बोनेट मी उघडून बघितलं होतं. आणि अगदी नीट बघितलं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापुरात होटगी रस्त्याला माझं आणि थोरल्या भावाचं, अण्णांचं, गॅरेज होतं. पत्र्याचं शेड आणि पुढं मोकळी जागा. तेव्हा डिझेलवर चालणाऱ्या मोटारी गावात थोड्याच. काही लोक जुन्या गाडीतलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून घ्यायचे. तशीच एक पांढरी गाडी आमच्याकडं यायची, एका डॉक्टरबाईंची. बाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि गाडी स्वतः चालवायच्या. अक्कलकोट रस्त्याच्या आजूबाजूच्या खेड्यांत दर आठवड्याला त्यांची फेरी असायची.

उन्हाळ्यात एका सकाळी बाई आल्या आणि म्हणाल्या की गाडी बंद केल्यावर आतून कुणीतरी ठोकतंय. अण्णा हसले. गरम लोखंड थंड होताना टिकटिकतं, त्यात नवीन काय! बाई परत गाडीत बसल्या. गाडी चालू केली, थोडा वेळ चालू ठेवली आणि बंद करायचा नॉब ओढला.

इंजिन थांबलं. सायलेन्सरची टिकटिक झाली, तीही विरत गेली. आणि मग...

टक्... टक्... टक्-टक्-टक्.

दोन सावकाश, तीन घाईघाईनं. जरा थांबून पुन्हा तसंच. आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिलो.

खरं सांगतो, भीती बिलकुल वाटली नाही. उलट आनंद झाला! असं कोडं रोज कुठं मिळतं? मी बाईंना म्हटलं, गाडी ठेवून जा, संध्याकाळपर्यंत चोर पकडतो.

पहिला संशय पंपावर. नॉब ओढूनही डिझेल थोडं झिरपत असेल तर इंजिन अर्धवट पेटत राहतं. पण पंखा जागच्या जागी उभा होता, म्हणजे इंजिन फिरतच नव्हतं. मग डिझेलचे पाइप ढिले करून आतलं प्रेशर सोडलं. ठोके चालूच. इंजिनाखालची रबरं बदलली, बॅटरीची वायर काढली, रेडिएटर रिकामा केला. अण्णांनी तर सायलेन्सरच उतरवून ठेवला! तरी इंजिन तापवून बंद केलं की थोड्या वेळानं तेच. दोन सावकाश, तीन घाईघाईनं.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही आमची आवाज शोधायची रीत. मी इंजिनाचा इंच न् इंच तपासला. सगळीकडं आवाज सारखाच, कुठंही जवळ येईना. दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढून सरळ इंजिनाला लावला. बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"हे लोखंडावर लोखंड नाही," त्या म्हणाल्या. "दगडावर काहीतरी आपटतंय."

मी नळ्या कानात घातल्या. बाईंचं बरोबर होतं. इंजिनात दगड? अण्णांचा चेहरा उतरला. ते कानडीत काहीतरी पुटपुटले आणि चहा सांगायला म्हणून निघून गेले, ते लवकर परतलेच नाहीत.

असा आठवडा गेला. बाईंच्या फेरीचा दिवस आला, त्यांना गाडी हवीच होती. लांब पळवल्यावर आवाज बदलतो का बघू, म्हणून मीही सोबत निघालो. डिकीत दोर, जॅक, हत्यारं टाकली. ऊन तापलं होतं. अक्कलकोट रस्ता सोडून आम्ही एका कच्च्या वाटेला लागलो, गाव थोडं पुढं राहिलं होतं. एका लिंबाखाली मी गाडी थांबवायला सांगितलं, बोनेट उघडून आत कान घातला. बाईंनी नॉब ओढला.

इंजिन थांबलं. टिकटिक विरली. आणि... काहीच नाही! आठवड्यात पहिल्यांदाच गाडी गप्प. मी खूश होऊन डोकं बाहेर काढतोय, तेवढ्यात —

टक्... टक्... टक्-टक्-टक्.

मी पुन्हा आत वाकलो. पण बाई दार उघडून खाली उतरल्या होत्या आणि त्यांची पाठ गाडीकडं होती.

"गाडीतून नाही," त्या म्हणाल्या. "तिकडून येतंय."

समोर नांगरलेलं रान होतं, पलीकडं मोटेचे जुने दगडी खांब दिसत होते. आम्ही ढेकळं तुडवत पळालो. विहीर कोरडी, खोल, आणि एका अंगानं ताजी ढासळलेली. खाली अंधारात एक माणूस कमरेपर्यंत दगडमातीत रुतलेला. तोंड धुळीनं पांढरं, आवाज पार बसलेला. हातातल्या पहारीनं तो शेजारच्या खडकावर ठोकत होता. दोन सावकाश, तीन घाईघाईनं.

तोच ताल! पण विचार करायला वेळ नव्हता, कारण वरून माती अजून सुटत होती.

बाईंनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि गाडीकडं पळत जाऊन हॉर्नवर जो हात दाबला तो सोडलाच नाही. आजूबाजूच्या रानांतून माणसं धावत आली. मी डिकीतून दोर आणि जॅक आणला, दोर खांबाला बांधला, जॅक गळ्यात अडकवला आणि उतरलो. माणसाचा पाय एका मोठ्या दगडाखाली होता. हातानं माती उकरून मी जॅक दगडाखाली सारला आणि पंक्चर काढताना गाडी उचलावी तसा तो दगड उचलू लागलो. बाई वरून सांगत होत्या की पाय ओढू नका, दगड पुरता सुटू दे. तो माणूस माझी कॉलर धरून होता. दगड उचलला गेला तेव्हा त्याच्या तोंडून नुसता वारा बाहेर पडला.

त्याला दोरानं वर घेतलं, मागून मला. जॅक खालीच राहिला. आम्ही कडेला टेकलो असू-नसू, तोच उरलेली बाजू धडाडून आत कोसळली. 

बाईंनी तिथंच त्याच्या पायाला फळ्या बांधल्या आणि त्याच गाडीतून आम्ही त्याला सोलापूरला सरकारी दवाखान्यात आणलं. त्याचं नाव सिद्राम. थोडं पाणी पोटात गेल्यावर त्याच्या घशातून आवाज फुटू लागला. विहीर त्याचीच, या उन्हाळ्यात खोल करायला काढलेली. तो खाली खणायचा आणि बायको नागव्वा वर उभी राहून मातीची पाटी ओढायची. त्या दिवशी ती माहेरी गेली होती म्हणून तो एकटाच उतरला, आणि सकाळीच दरड अंगावर आली.

मी विचारलं, "ठोकण्याची ही रीत कुठली?"

"आमची खूणच हाय की ती," तो म्हणाला. "आसं ठोकलं की वर वढायचं."

वर ओढ! आठवडाभर सोलापुरात, पत्र्याच्या शेडमध्ये, बंद इंजिनातून आम्ही हेच ऐकत होतो. आणि दरड तर त्याच सकाळी कोसळलेली.

त्यानंतर ती गाडी कधी ठोकली नाही. पुढं मी तिचं इंजिन पूर्ण खोललं, एकेक भाग धुऊन बघितला. सगळं ठीकठाक. अण्णा म्हणायचे, देवाची करणी. बाई म्हणायच्या, योगायोग. पण म्हणताना माझ्याकडं बघायच्या नाहीत. मी स्वतः खूप डोकं लावलं. बाईंची गाडी दर आठवड्याला त्या वाटेनं जायची, सिद्राम तेव्हाही खाली खणत असायचा, खूण करत असायचा. पण आवाज काय धुळीसारखा गाडीला चिकटून गावात येतो?

सिद्रामला आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी नागव्वा दवाखान्यात आली होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, पहिल्या ठोक्यापासून. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर पाया पडेल. तिनं पदर तोंडावरून काढला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आटवडाभर आयकत हुता, तर मंग दरड पडायच्या आदीच आला का न्हाईत?"

 इंजिनाचं उत्तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही... आणि तिला काय सांगायला हवं होतं, हेही नाही.