सैल सोडलेली मॅट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. क्रिकेटच्या शेवटच्या तीन वर्षांत मला चेंडूची भीती वाटत होती. साधी धाकधूक नव्हे. रविवारी सामना असला की शुक्रवारपासूनच घास उतरायचा नाही. त्या भीतीपायी मी एक गोष्ट केली, आणि तिची किंमत दुसऱ्यानं भरली.

आमच्या ऑफिसची टीम होती. मला नोकरी लागली तीच मुळी बॅटीच्या जोरावर. बावीसचा होतो. पुढं कॅप्टन झालो, आणि चव्वेचाळिशी आली तरी कॅप्टनच होतो. सामने मुलुंडला, डोंगराच्या अंगाला असलेल्या मैदानावर व्हायचे. डोंगराकडून गोलंदाज धावत आला की चेंडू त्या काळपट हिरव्यात विरघळून जायचा. पूर्वी तो मला हातातून सुटतानाच दिसायचा. आता टप्पा पडल्यावर दिसू लागला, म्हणजे जवळजवळ अंगावर आल्यावर.

हिरवळीची खेळपट्टी आम्हाला कुठली? चोपलेल्या मुरमाची पट्टी, आणि तिच्यावर काथ्याची मॅट. सामन्याच्या सकाळी चौघांनी ती चार बाजूंनी ताणायची आणि कडेच्या भोकांतून लोखंडी खुंट्या मोगरीनं ठोकायच्या. मॅट तंग असली की चेंडू सपकन येतो, उसळतो. जरा ढिली असली की तिच्यात रुततो आणि दमून येतो. हे मॅटवर खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. अंपायर दोन ठिकाणी बूट दाबून बघायचे आणि मान हलवायचे.

शेवटचा हात फिरवण्याचा मान माझा होता. सगळे तंबूत चहाला गेले की मी मोगरी घेऊन एकटाच मॅटभोवती फिरायचो. वेगवान गोलंदाजाचा टप्पा जिथं पडतो, तिथल्या तीन खुंट्या बोटभर वर काढून ठेवायचो. लांबून लोक बघायचे आणि म्हणायचे, "या वयातसुद्धा केवढी माया बघा खेळाची!" मी ऐकून घ्यायचो.

बायकोला काय कळलं होतं, देव जाणे. माझे पॅड पांढरे करता करता एकदा म्हणाली, "अहो, आता पुरे करा की. तुमच्या वयाची माणसं शेंगदाणे खात बाहेर बसतात."

"टीमला गरज आहे माझी."

"टीम म्हणाली का तसं?"

टीम तसं काही म्हणत नव्हती. तंबूमागं उभा असताना मी ऐकलं होतं, "कॅप्टन आधी ऑफिसातून रिटायर होणार की टीममधून?" त्यावर दुसरा, "अरे, ते क्रीजवरच पेन्शन घेणार यार!" सगळे हसले. मीही हसत हसत आत गेलो, म्हणजे ऐकलंय हे कळलं तरी लागलंय हे कळू नये.

मग सोडलं का नाही? सोमवारी सकाळी मोठे साहेब माझ्या टेबलापाशी थांबून विचारायचे, "काल किती?" टीम सुटली की ते थांबणं सुटणार होतं. मग मी खात्यातल्या चाळीस कारकुनांतला एक उरणार होतो, आणि मला त्याचीही भीती होती. दोन भीतींच्या मधे मी उभा होतो. चेंडूची भीती मोठी असूनही मी दुसरीला जास्त भ्यालो.

टीममध्ये भांडुपचा एक पोरगेला कारकून होता, तेवीस वर्षांचा, मूळचा मालवणकडचा. माझ्याहून चांगला खेळायचा. त्याला हे माहीत होतं की नाही, सांगता येत नाही. मला माहीत होतं. दोन वर्षं मी त्याला सातव्या नंबरवर ठेवला.

उपांत्य सामन्याला समोरच्या संघात एक नवा वेगवान गोलंदाज आला. त्याला सराव करताना पाहिलं आणि माझे तळहात ओले झाले. त्या सकाळी मी खुंट्या बोटभर नाही, दोन बोटं वर काढल्या. टॉस जिंकला. पंधरा वर्षं सलामीला मी जात आलो होतो. त्या दिवशी मी त्या पोराला म्हणालो, "नवा चेंडू आज तू खेळ."

"ओपनिंग? मी? कॅप्टन, खरंच?"

"जा रे. मोठा हो."

त्याचा चेहरा एवढा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

तिसऱ्या षटकात पायांच्या घासण्यानं ढिली मॅट सरकली आणि तिला चुणी पडली. मला ती तंबूतून दिसली. चेंडू नीट दिसत नव्हता मला, पण चुणी दिसली. कुठं बघायचं ते ठाऊक होतं ना. हात वर करून सामना थांबवता आला असता. मी उठलोही. पण थांबवलं असतं तर अंपायर खुंट्या बघणार होते. मी उभाच राहिलो. पुढचा चेंडू चुणीवर पडला आणि सरळ वर उठला. तो पोरगा पुढं वाकलेला होता. चेंडू त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. लाकडावर बसावा तसा आवाज आला.

सगळे त्याच्याकडे धावले. मीही धावलो, पण मोगरी घेऊन. त्याला उचलून नेईपर्यंत तिन्ही खुंट्या मी ठोकून बसवल्या होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "शाबास कॅप्टन, पुढच्याचा विचार केलात." मोगरी हातात धरून मी मॅटपाशी वाकलेलाच राहिलो. ते सगळ्यांनी बघितलं, आणि सगळ्यांना ते दुःख वाटलं.

मग मी खेळायला गेलो. तो गोलंदाज इतका हादरला होता की त्याचा हातच उठत नव्हता. मला त्यानं निम्म्या वेगानं चेंडू टाकले. मी सदतीस धावा केल्या. आम्ही जिंकलो. सोमवारी साहेब टेबलापाशी थांबले.

इस्पितळात त्या पोराची आई बाकावर बसली होती. मी गेलो तशी उठली आणि माझे हात धरून म्हणाली, "तुमी होतास म्हणान माझो झील वाचलो." मुलगा वाचला तो माझ्यामुळे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तेवढ्यात तो गोलंदाज आला. तोही पोरसवदाच. माउलीपुढं हात जोडून म्हणाला, "आई, चूक माझी. मी आपटून टाकला." मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "चालायचंच रे, खेळात होतं असं." त्या क्षणाला मी त्याला माफ करत होतो, असं सगळ्यांना दिसलं असणार.

पोराचा डावा डोळा गेला. त्या गोलंदाजानं त्यानंतर वेगानं चेंडू टाकला नाही. पुढच्या हंगामात फिरकी टाकताना दिसला, मग दिसलाच नाही. मी मात्र आणखी एक वर्ष खेळलो. हो, त्यानंतरही खेळलो. लगेच सोडलं तर लोक कारण शोधतील, असं वाटलं.

तो पोरगा आजही आमच्याच खात्यात आहे, खिडकीपाशी. डावीकडून कुणी आलं की सबंध मान वळवून बघतो. मी नेहमी उजवीकडून जातो. "जरा बोलायचं होतं" असं तो कधी म्हणाला की मी आधी दाराकडे बघतो. मग तो रजेचा अर्ज पुढं करतो.

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत वाद रंगला होता. मोठ्या क्रिकेटमधल्या एका खेळाडूचं वय झालंय, त्यानं आता जागा रिकामी करावी की नाही? एक म्हणाला, "स्वार्थी आहे साला. पोरांची वाट लावतोय." तेव्हा खिडकीपाशी डबा खाणारा तो मान वळवून म्हणाला, "खेळू दे ना रे. त्याला खेळावंसं वाटतंय. आपले कॅप्टन नाही का खेळले? कुणाचं काय गेलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायलो.

त्यावर खरं उत्तर फक्त मलाच देता आलं असतं. वय झाल्यावर खेळणं हा गुन्हा नाही, असं मी अजूनही मानतो. पण जागा राखण्यासाठी माणूस काय काय करतो, ते बाहेरून दिसत नाही. मी भित्रा होतो म्हणून घरी बसायला हवं होतं. मी भित्रा होतो म्हणूनच बसलो नाही.

हा कागद लिहून झाला तरी त्यानं काही फिटत नाही. कागदाला डोळे नाहीत. त्या पोराला आणि त्या गोलंदाजाला, दोघांनाही, मी खरं तोंडानं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.