म्हातारीवरची फुली

त्या सुताराचा मला आजही राग येतो. २०१६ साली डहाणूहून चारोटीला निघालेल्या एसटीत तो शेजारी येऊन बसला. मांडीवर हत्यारांची पिशवी, अंगठ्याचं नख काळंनिळं. मी एका जुन्या कथासंग्रहाची नवी आवृत्ती तयार करत होतो. त्यात माणसाच्या आयुष्याची चार चित्रं होती, लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापलेली: बाळ, शाळकरी पोर, नवरानवरी आणि म्हातारी. प्रकाशक म्हणाले होते, म्हातारी नको, पुस्तक लग्नात भेट म्हणून खपलं पाहिजे. एसटीतच जुनी प्रत मांडीवर उघडून मी तिच्यावर लाल फुली मारली.

"ही का खोडली?" त्यानं विचारलं.

"जागा नाही."

त्यानं सरळ पुस्तक ओढून घेतलं आणि ते काळं नख तिच्या गालावरून फिरवलं. "साहेब, लाकडात खोदलेलं कोरं राहतं, राखलेलं काळं उमटतं. बाळाचा गाल सोपा, सगळा खोदून टाकायचा. हिची एकेक सुरकुती राखायला लागते. एक तुटली तर ठोकळा फुकट. कोणी तरी डोळे फोडून हे केलंय, आणि तुम्ही खुशाल फुली मारता?"

सगळी एसटी बघत होती. "तुमचं काम तुम्ही बघा!" मी ओरडलो. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून तो रानशेतला उतरला.

पुस्तक निघालं. त्यात माणूस जन्मतो, शाळेत जातो, लग्न करतो आणि संपतो. पहिल्या पानावर संपादक म्हणून माझं नाव आहे.