पोटाखालची जाळी

चष्म्याच्या दुकानात उभं राहून राहून ह्या माणसाची एक समजूत पक्की झाली होती, की माणसात दोष असा काही नसतोच, भिंग चुकीचं असतं. गिऱ्हाईक डोळे बारीक करून समोर बसायचं. हा त्याच्या नाकावर तपासणीची चौकट ठेवायचा, एक भिंग काढायचा, दुसरं घालायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, हां, आता दिसलं. उभी हयात हेच पाहण्यात गेल्यावर डोक्यात दुसरं काय शिरणार? बायकोचं तर स्पष्ट मत होतं, की धंदा ह्याच्या डोक्यात गेलाय.

बायको त्याच दुकानात काउंटरच्या मागे बसायची. वाकड्या झालेल्या काड्या गरम करून सरळ करणं, नाकावरच्या पट्ट्या बदलणं, सैल स्क्रू आवळणं ही तिची कामं. तोंडावर ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि मनात 'हा'. मनातला शब्द जास्त वापरात होता.

ह्याने पूर्वी गिटार घेतली होती. सूर लागेना तेव्हा तारा बदलल्या, मग गिटारच बदलली, आणि दुसरी गिटारही पहिलीसारखीच कण्हायला लागल्यावर दोन्ही माळ्यावर गेल्या. नंतर सायकल आली. चढावर दम लागायचा, म्हणून सीट बदललं, चाकं बदलली. बॅडमिंटनच्या रॅकेटची जाळी ह्याने इतक्यांदा नव्याने ओवून घेतली, की ओवणारा माणूस ओळख द्यायला लागला. शटल मात्र इमानाने ह्याच्या पाठीमागेच पडत राहिलं. दर वेळी ह्याचं एकच म्हणणं असायचं. सामान धड नव्हतं, नाहीतर दाखवलं असतं.

पन्नाशी उलटल्यावर ह्याला पाण्याचं वेड लागलं. शहराबाहेरच्या तलावावर एक क्लब होता. तिथे शिकवणाऱ्या बाईला ह्याने उभ्याने चालवायच्या वॉटर स्कूटरवर पाहिलं. ह्या स्कूटरला बसायला जागाच नसते. एक अरुंद फळीसारखं धूड, पुढे बिजागरीवर वरखाली होणारा लांब दांडा आणि त्याला हँडल. पोटाखालून पाणी ओढायचं आणि शेपटीकडून जोरात फेकायचं, एवढंच त्याचं इंजिन जाणतं. जागच्या जागी ती माणसाचं वजन पेलत नाही. वेग घेतला तरच उभं राहू देते. ती बाई पाण्यावर वळणं घेत होती, आणि हा काठावर तोंड उघडं टाकून बघत होता. महिन्याभरात जुनी स्कूटर दारात आली.

त्या उन्हाळ्यात हा पडला. दुसरं काही केलं असं म्हणता येणार नाही. डावीकडे पडला, उजवीकडे पडला, पाठीवर पडला, कधीकधी तर नुसता कंटाळल्यासारखा बाजूला कलंडला. सुट्टीच्या सकाळी बायको आणि तिचे सासरे काठावर खुर्च्या टाकून हा कार्यक्रम बघायचे. शिकवणारी बाई सांगून थकली. गुडघे वाकवा, नजर लांब ठेवा, घाबरून वेग सोडू नका. ह्याने मान डोलावली आणि ह्यातलं काही केलं नाही. गुडघे कुठल्या दुकानात मिळत नव्हते.

मग एक दिवस जेवणाच्या टेबलावर ह्याने जाहीर केलं, की दोष सापडला. स्कूटरच्या पोटाखाली पाणी शिरतं त्या तोंडावर एक जाळी असते. दगडगोटे, शेवाळ आत जाऊ नये म्हणून. आपल्या जाळीच्या पट्ट्या सपाट आहेत. लाटेवर स्कूटर उसळली की पंप पाण्याऐवजी हवा गिळतो, पकड सुटते आणि माणूस पडतो. शर्यतीतले लोक ती काढून दुसरी बसवतात, तिला खाली पन्हळीसारखा ओठ असतो, तो पाणी ओंजळीत धरून आत ढकलतो. ह्याने हातांची ओंजळ करून दाखवली. आमटी बोटांना लागली होती.

सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली होती. गाडी आणि गाडीवान ह्यांच्याबद्दल त्यांची मतं ठाम होती, पण ती ते फार थोड्या शब्दांत सांगायचे.

"म्हणजे जाळी बदलली की उभा राहशील?" त्यांनी विचारलं.

"पंप पाणी सोडणार नाही, बाबा."

"पंपाचं नाही, मी तुझं विचारतोय."

ह्याने बोटांवरची आमटी चाटली. बायकोला हसू आवरेना, म्हणून ती उगाच पाणी आणायला उठली.

जाळी आली. काळी, चकचकीत, हातात जड लागणारी. गॅरेजमध्ये पाहुण्यांची गादी अंथरून त्यावर स्कूटर कुशीवर झोपवण्यात आली. गादीबद्दल कुणी बायकोला विचारलं नव्हतं. तिच्या हातात बॅटरी देण्यात आली आणि सासरे दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. जुने बोल्ट हलायला तयार नव्हते. ह्याने तेल सोडलं, पाना मारला, एका बोल्टच्या डोक्याचे कोपरेच घासून गोल करून टाकले. मग आत गेला आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला. बोल्ट सुटू नयेत म्हणून लावलेला डिंक गरम केला की सैल होतो म्हणे. ज्या माणसाच्या डोक्यावर वाळवण्यासारखं काही उरलेलं नाही त्याला ड्रायरची किंमत काय कळणार, असं तिच्या मनात आलं, आणि ते वाक्य तिने पुढे वापरायला जपून ठेवलं.

एकदाची जुनी जाळी निघाली. पट्ट्यांत वाळलेल्या शेवाळाच्या दोऱ्या अडकल्या होत्या. त्या ह्याने पुराव्यासारख्या वर धरून दोघांना दाखवल्या. नवी बसेना, पुढची कड किंचित वर राहत होती. ह्याने ती कानशीने घासली, पुन्हा लावून बघितली, पुन्हा घासली. कड नीट बसल्यावर फटीत सिलिकॉन भरलं, बोल्टना नवा डिंक लावला आणि आवळायला घेतलं. तेव्हा कळलं की लांब बोल्ट पुढे गेलेत आणि आखूड मागे. जाळीबरोबर आलेल्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. पण गावभराला चष्मे देणारा हा माणूस स्वतःचा वाचायचा चष्मा लावत नसे. त्याच्या मते अजून त्याची वेळ आली नव्हती.

"अहो, चष्मा लावा," ती म्हणाली.

"प्रकाश कमी आहे. बॅटरी नीट धर."

तिने बॅटरी सरळ त्याच्या तोंडावर धरली. सगळे बोल्ट पुन्हा काढावे लागले.

पुढच्या सुट्टीला सगळे तलावावर गेले. कमरेइतक्या पाण्यात जाऊन ह्याने स्कूटर सुरू केली, पोटावर आडवा झाला आणि वेग दिला. जाळीने आपलं काम चोख केलं, हे मान्य करायला हवं. स्कूटर अशी निघाली की हँडल ह्याच्या हातातून निसटलं आणि हा मागच्या मागे बसल्यासारखा पाण्यात गेला. मनगटाला बांधलेली दोरी ओढली गेली, इंजिन बंद पडलं. पुन्हा तेच. काठावरची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. बायकोला त्यांच्या नजरा नको झाल्या. तिने पाठ फिरवली आणि थर्मासमधून सासऱ्यांना चहा ओतायला घेतला.

"गिटारीची गत होणार बघा हिची," ती म्हणाली. "फक्त ही माळ्यावर चढवायला चार माणसं लागतील." चांगलं जमलंय असं वाटून तिने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी कपासाठी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला होता. ते तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

ती वळली तेव्हा पाण्यावर नुसती स्कूटर होती आणि तिच्या शेजारी त्याचं ओलं डोकं.

"काय झालं?"

"उभा होता," सासरे म्हणाले आणि कप घेतला.

हा पोहत, स्कूटर ओढत काठाला आला. धापा टाकत होता, गुडघा सोलवटला होता. बाकी कुणाकडे न बघता सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"पाहिलंस?"

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने ह्याला फुकटचं कौतुक कधी दिलं नव्हतं. त्याबद्दल तिला थोडा अभिमानही होता. पण त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"पाहिलं," ती म्हणाली.

"सरळ होतो ना? वाकलेला नव्हतो?"

"सरळ होतात."

सासऱ्यांना ठसका लागला.

त्याचे भोग तिला दुसऱ्या दिवसापासून भोगावे लागले. भिंग बदलून घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जाळीची कथा ऐकावी लागली. अक्षरांच्या तक्त्यासमोर, एक डोळा झाकलेल्या अवस्थेत, लोकांना उठून जाताही येत नव्हतं. शेवटी हा काउंटरकडे हात करायचा आणि म्हणायचा, विचारा हिला, हिने डोळ्यांनी पाहिलंय. मग ती हातातली काडी गरम करत म्हणायची, हो. आठवडा सरता सरता ह्याने अर्धा तलाव उभ्याने पार केला होता, आणि ती हो म्हणत होती. एका म्हाताऱ्या शिक्षिकेने तिला कसं दिसलं ते नीट वर्णन करून सांगायला लावलं. तिने सांगितलं. चांगलंच जमलं, आणि त्या रात्री तिला स्वतःचाच राग आला.

त्यानंतरच्या सुट्टीला तिने थर्मास उघडलाच नाही. सासरे खुर्चीत बसले; ती मात्र पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. एकदा बघून टाकावं, म्हणजे बोललेलं खरं तरी होईल, असा तिचा हिशेब होता. ती टक लावून उभी होती. हा पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. एकदा एका गुडघ्यावर आला, दुसरा पाय उचलला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण चपलांसकट पाण्यात दोन पावलं पुढे आलोय. तेवढ्यात तो डोक्यावर आपटला. सकाळभर तिने नजर हलवली नाही, आणि सकाळभरात तो एकदाही उभा राहिला नाही.

दुपारी तो बाहेर आला तेव्हा ती ओल्या चपला हातात घेऊन उभी होती.

"आज नाही जमलं," ती म्हणाली. हे तिने जरा जास्तच हळू म्हटलं, आणि ते तिलाच आवडलं नाही.

"आज लाटा होत्या," तो म्हणाला. "आणि ते हँडल, जरा अरुंदच आहे. पण त्या दिवशीचं तू पाहिलंयस ना? मग झालं तर."

तो आनंदाने शीळ घालत स्कूटर ट्रेलरवर चढवायला गेला. ती सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. सासऱ्यांनी तिच्या चपलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चहा आणलाय का?" त्यांनी विचारलं.