चाळीसच्या काट्यावरचा स्पोर्ट मोड

लातूर ते नांदेड हा रस्ता आजवर असंख्य माणसांनी पार केला असेल. पण तो अख्खाच्या अख्खा स्पोर्ट मोडमध्ये, आणि तरीही वेगाचा काटा चाळीसच्या वर न जाऊ देता पार करणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो आणि ते मला साडूभाऊ म्हणतात. तीस वर्षं त्यांनी लातूरहून एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर अंगावरची खाकी उतरली, मनातली उतरली नाही. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता, म्हणून हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाने मुद्दाम ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली. हेतू चांगला होता. पण ज्या माणसाचा डावा पाय तीस वर्षं क्लचवर नांदला, त्याच्या हाती बिनक्लचची गाडी देणं म्हणजे तबलजीपुढे नुसता उजवा ठेवून डग्गा काढून नेण्यासारखं होतं.

पहिल्याच दिवशी त्याचा प्रत्यय आला. नवी गाडी देवाला दाखवायला म्हणून दोघं निघाले. लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या गर्दीत समोर केळीचा हातगाडा आला आणि अण्णांचा डावा पाय जुन्या श्रद्धेने क्लच शोधायला गेला. क्लच नव्हता, ब्रेक होता. एसटीचा क्लच ज्या ताकदीने दाबतात त्या ताकदीने तो दाबला गेला. गाडी जागच्या जागी थिजली आणि मागे बसलेली अक्का पेढ्यांच्या पुड्यासकट पुढच्या दोन सीटांच्या मधोमध प्रकट झाली. देवाआधी पेढे डॅशबोर्डाला पोचले. तेव्हापासून अण्णांनी डाव्या पायाला कायमची रजा दिली. गाडी चालवताना ते तो पाय मांडी घातल्यासारखा सीटवर दुमडून ठेवतात. खिडकीतून पाहणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ जेवायला बसला आहे आणि वाढणाऱ्याची वाट बघतो आहे.

निघायच्या आधी गाडीला एक प्रदक्षिणा होते. चारही चाकांना एकेक लाथ बसते. चौथ्याला थोडी हळू, कारण तोवर गुडघा बोलायला लागलेला असतो. मग ते आत बसतात आणि नुसते बसून राहतात. गाडी सुरू आहे, रस्ता मोकळा आहे, आणि हे समोर बघत स्वस्थ. घंटी झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा तीस वर्षांचा नेम. या गाडीत ना दोरी, ना घंटी, ना कंडक्टर. शेवटी अक्काने मागून त्यांच्या खांद्यावर दोनदा थाप मारायची, असं ठरलं. दोन थापा पडल्या की ते "चला" म्हणतात. गाडी मागे घेताना समोरच्या पडद्यावर मागचं सगळं दिसतं; पण त्यांच्या मते तो टीव्ही आहे, आणि टीव्हीवर दाखवतात ते सगळं खरं नसतं. म्हणून ते मला खाली उतरवतात. आमच्या नांदेडच्या गल्लीत मी, एका कॉलेजचा ग्रंथपाल, भर सकाळी गाडीची पाठ थोपटत "येऊ द्या, येऊ द्या" करत उलटा चालत जातो. शेजारीपाजारी हे दृश्य बघायला आपापली कामं सोडून गच्चीवर येतात.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे तो स्पोर्ट मोड. मुलाने फोनवरून गियरच्या दांड्यावरची इंग्रजी अक्षरं समजावून सांगितली होती. नेहमी 'डी'वर चालवायची. त्याच्या खाली 'एस' म्हणजे स्पोर्ट आहे, तो जोरात पळवायला, तिकडे तुम्ही जाऊ नका. अण्णांनी 'डी'वर दोन दिवस चालवली आणि त्यांचा चेहरा उतरला. गाडी चालते, पण काही बोलत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी दांडा एक घर खाली ओढला. इंजिन गुरगुरलं. अक्का सांगते, ते असे हसले की जणू डेपोतला जुना सोबती भेटला.

"आता कशी बोलायली," ते म्हणाले.

त्यानंतर गाडी 'डी'मध्ये म्हणून गेली नाही. त्याचं त्यांनी शास्त्रही तयार केलं. "डी म्हंजी डुलकी, साडूभाऊ. एस म्हंजी सावध," असं त्यांनी मला अत्यंत गंभीरपणे सांगितलं. 'डी'मध्ये ही गाडी आपल्याला न विचारता मनानेच गियर बदलत सुटते आणि तेही गुपचूप. 'एस'मध्ये निदान आवाज करून सांगते तरी. मुलाने पेट्रोल फार जातं म्हणून समजूत घालून पाहिली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, "हाव, हाव" म्हणाले, आणि दांडा होता तिथेच राहिला.

परिणाम असा झाला की इंजिन शर्यतीत उतरल्यासारखं डरकाळ्या फोडायचं आणि गाडी वरातीत निघाल्यासारखी चालायची. अहमदपूरच्या चौकात आवाज ऐकून लोक घाईघाईने रस्त्याच्या कडेला सरायचे, मागे वळून बघायचे, आणि बराच वेळ काहीच यायचं नाही. मग पांढरी टोपी घातलेले, एक पाय दुमडलेले अण्णा शांतपणे समोरून जायचे. एकदा लोह्याच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. ट्रॅक्टरवाल्याने जाता जाता काळजीने विचारलं की गाडीत काही बिघाड आहे का. अण्णांनी त्यालाही "हाव" म्हणून हात केला.

या सगळ्याला मी विक्षिप्तपणा समजत होतो. आपण काही विचारावं आणि त्यांनी भलतंच उत्तर द्यावं, फोन वाजत राहावा आणि त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत राहावं, हाही मला त्यांच्या खाकीचाच ताठा वाटायचा. एसटीत ड्रायव्हरशी बोलू नये असं लिहिलेलं असतं, ते त्यांनी घरीही लावलं असेल, असा विनोद मी चारचौघांत केलेला आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं रेणुकादेवीच्या दर्शनाला माहूरला गेलो. नांदेडहून हदगावमार्गे जाताना चाळीसच्या काट्याने माझा अंत पाहिला. वर पोचलो, छान दर्शन झालं, आणि उतरताना मी हट्टाने म्हणालो की आता गाडी मी चालवणार. अण्णांनी किल्ली दिली. ते डावीकडे बसले, दोघी बहिणी मागे. मी दांडा 'डी'वर ठेवला. गाडी मऊ मऊ उतरू लागली. याला म्हणतात चालवणं, असं माझ्या तोंडावर आलंही होतं. वळणामागून वळण येत होतं आणि मी ब्रेकवर पाय ठेवून होतो. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. मला वाटलं बाहेर कोणी काही जाळत असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर तो लोण्यात पाय घातल्यासारखा खाली गेला आणि गाडी होती त्याच वेगात पुढे निघाली. डाव्या हाताला दरी होती. मागे बायकोने देवीचं नाव घेतलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते रस्त्याकडेच बघत होते. "स्टेरिंग फक्त सांभाळा," एवढंच म्हणाले, आणि हात लांबवून दांडा खाली 'एस'वर ओढला. इंजिन गरजलं आणि मागून कुणीतरी दोर आवळून धरावा तशी गाडी रोखली गेली. वेग उतरत गेला. जरा सपाट जागा आली तिथे त्यांनी हळूहळू हँडब्रेक ओढून गाडी कठड्याशी उभी करवली. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. माझा शर्ट पिळून काढावा असा झाला होता.

खाली उतरून ते चाकाशी ओणवे झाले आणि हात जवळ नेऊन किती तापलंय ते अजमावू लागले. तेवढ्यात वरच्या वळणावरून भाविकांची जीप हॉर्न वाजवत आली. लांबलचक हॉर्न. अण्णा रस्त्याकडे पाठ करून तसेच. मी हाक मारली, पुन्हा मारली. ते हलले नाहीत. शेवटी मी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून ओढलं आणि जीप त्यांच्या टोपीला वारा देऊन गेली. त्यांनी आधी लांब गेलेल्या जीपकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मला समजलं हे त्यांनाही समजलं.

आम्ही कठड्यावर बसलो. ते सांगू लागले. "डावा कान गेलाच हाय. उजव्याला थोडं येतं. डीमदी गाडी चालू हाय का बंद, तेच मला कळत न्हाई. एसमदी पायाच्या तळव्याला कळतं." मग म्हणाले, "अक्काला सांगू नका. ती गाडीत बसायची न्हाई."

अक्का मागेच उभी होती. ती पुढे आली, त्यांच्या उजव्या बाजूला बसली आणि कानाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मला ठाऊक हाय. तवाच तर खांद्यावर थापा मारते."

पुढच्याच आठवड्यात ती त्यांना लातूरच्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासणी झाली आणि दोन्ही कानांत यंत्रं बसली. डॉक्टरने गाडी चालवायला हरकत नाही म्हणेपर्यंत किल्ली तिच्या कमरेला होती. ती मिळाल्यावर अण्णा गाडीत बसले, सवयीने 'एस' लावला, आणि दचकून इंजिनच बंद केलं. एवढा आवाज रोज होत होता का, असं त्यांनी अक्काला विचारलं. रोज व्हायचा, ती म्हणाली. अहमदपूरचे लोक आपल्याकडे का बघायचे ते त्यांना त्या दिवशी कळलं, आणि पुढच्या दोन-तीन खेपांना ते त्या चौकातून टोपी डोळ्यांवर ओढून गेले.

परवा दोघं आमच्याकडे आले होते. पूर्वी कोपऱ्यावरून गुरगुर ऐकू आली की आम्ही चहा टाकत असू. आता गाडी कधी दारात येऊन थांबते ते कळत नाही, आणि पाहुण्यांना चहासाठी ताटकळावं लागतं. परत जाताना मला लातूर रस्त्यावरच्या नाक्यापर्यंत जायचं होतं, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसलो. वेग तोच, चाळीस. दांडा 'डी'वर. गाडीत इतकी शांतता होती की मलाच चुकल्यासारखं वाटू लागलं, म्हणून मी म्हणालो, "अण्णा, एकदा एस लावा की. सवय झालीय आम्हाला."

त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. मागच्या सीटवर अक्का खिडकीतून बाहेर बघत काहीतरी गुणगुणत होती. दोघी बहिणी उदगीरला माहेरी आईकडून शिकल्या ते कानडी गाणं होतं. माझी बायकोही स्वयंपाक करताना म्हणते.

"प्रवासात हमेशा म्हणती म्हणे," अण्णा हळूच म्हणाले. "लग्न झाल्यापासून. इंजिनाच्या आवाजात मला कधी कळलंच न्हाई."

नाका आला. त्यांनी गाडी कडेला घेतली, पण मला उतरा म्हणाले नाहीत. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.